चवदार तळ्याचे पाणी आणि आपल्या हातपंपाचे पाणी

महाडच्या चवदार तळ्यावर २० मार्च १९२७ रोजी बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळीने पाणी प्राशन केले, ही घटना आपल्या निवासी शाळेतील पाचवीचा विद्यार्थीही सनावळीसह सांगतो. त्यानंतर त्या तळ्याचे काय झाले, हे मात्र सहसा कोणी सांगत नाही. अस्पृश्यांनी पाणी बाटवले म्हणून महाडच्या सनातनी मंडळींनी तळ्याची शुद्धी केली. दही, दूध, शेण आणि गोमूत्र यांनी भरलेली १०८ मातीची भांडी मंत्रघोषात तळ्यात बुडवण्यात आली आणि पाणी सवर्णांना पिण्यास योग्य झाले असे मानण्यात आले.

इतिहास शिकवताना आम्ही या प्रसंगापाशी नेहमी थोडे थांबतो. माणसाच्या ओंजळीने पाणी अशुद्ध होते आणि जनावराच्या शेणाने शुद्ध होते, असे मानणारा समाज त्या काळी अज्ञानाच्या युगात वावरत होता असे म्हणावे, तर तेही खरे नाही. लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाचे पाणी आणि पटकीचे मृत्यू यांचा संबंध डॉ. जॉन स्नो यांनी १८५४ मध्ये दाखवून दिला होता. रॉबर्ट कॉख यांनी पटकीचा जंतू १८८४ मध्ये खुद्द कलकत्त्यात, तेथील एका तलावाच्या पाण्यात शोधून काढला होता. महाडचा शुद्धिविधी त्यानंतर ४३ वर्षांनी झाला. पाणी कशाने दूषित होते याचे उत्तर विज्ञानाकडे तयार होते. ते ऐकण्याची ज्यांना गरज वाटली नाही, त्यांच्याच हाती तळ्याचा काठ होता.

स्वतः बाबासाहेबांनी दूषित पाणी म्हणजे काय हे बालपणीच अनुभवले होते. वडिलांना भेटण्यासाठी मसूर स्थानकावर उतरून बैलगाडीने केलेल्या त्या प्रवासाची हकिकत त्यांनी लिहून ठेवली आहे. शिदोरी सोबत होती. पाण्यासाठी मुले कोरड्या नदीच्या पात्रातील डबक्याकडे गेली, तर तेथे गुरांच्या मलमूत्राने घट्ट झालेला चिखल होता आणि त्याच्या दुर्गंधीने तो तोंडाजवळ नेणेही अशक्य होते. पुढे रात्री जकात नाक्यावरही पाणी मिळाले नाही. अन्न असूनही ती मुले उपाशी झोपली. या एका प्रवासात पाण्याचे दोन्ही प्रश्न एकत्र भेटतात. एक, पाणी मिळते की नाही. दुसरा, जे मिळते ते पिण्याजोगे आहे की नाही. आपल्या चळवळीने पहिल्या प्रश्नासाठी रक्त आटवले. या स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि उपासक-उपासिका यांच्यापुढे आम्ही दुसरा प्रश्न ठेवू इच्छितो.

पहिल्या प्रश्नाचा इतिहास आपणांस ठाऊक आहे, म्हणून तो थोडक्यात सांगतो. महात्मा जोतीराव फुले यांनी १८६८ मध्ये आपल्या घरचा हौद अस्पृश्यांना खुला केला. मुंबई विधिमंडळात १९२३ मध्ये रावबहादूर सी. के. बोले यांचा सार्वजनिक पाणवठ्यांविषयीचा ठराव संमत झाला. महाड नगरपालिकेने १९२४ मध्ये तळे खुले केले आणि सत्याग्रहानंतर, ऑगस्ट १९२७ मध्ये, तो ठराव रद्द केला. दावा लढत लढत मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेला आणि मार्च १९३७ मध्ये निकाल आपल्या बाजूने लागला. पुढे संविधानाच्या अनुच्छेद १५ मध्ये विहिरी, तलाव आणि स्नानघाट यांच्या वापरात धर्म, वंश, जात, लिंग वा जन्मस्थान यांवरून आडकाठी करता येणार नाही, अशी स्पष्ट तरतूद झाली. हक्क कागदावर पूर्ण झाला. गावोगावच्या विहिरींवर तो उतरायला आणखी किती वर्षे लागली, हे आपल्या घरातील आज्या सांगू शकतील.

बोअरवेलचे ऋण आणि बोअरवेलचा धोका

विहिरीवरील अपमान संपवण्याचे काम कायद्याइतकेच एका लोखंडी यंत्राने केले, असे आमचे मत आहे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील विहिरी तळाला गेल्या आणि खडक फोडून खोल पाणी काढण्याचा मार्ग शासनाने धरला. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची स्थापनाही त्याच काळातील. जालना आणि सोलापूर येथे घडलेल्या हातपंपांच्या नमुन्यांतून पुढे 'इंडिया मार्क दोन' हा पंप आला आणि तो देशभर गेला. आपल्या वस्त्यांमध्ये हातपंप बसला, तेव्हा प्रथमच आपल्या मायबहिणींना कोणाच्या दारात तिष्ठत उभे राहावे लागले नाही, 'वरून वाढा' म्हणावे लागले नाही. दांडा आपला, घागर आपली, वेळ आपली. या हातपंपाचे ऋण आम्ही मानतो. पुढे जे लिहीत आहोत ते वाचून कोणी जुन्या विहिरीचे गोडवे गाऊ लागेल, म्हणून हे आधीच नोंदवून ठेवले.

पण हातपंपाने पाण्याचा स्रोतच बदलला, हे त्या आनंदात लक्षात आले नाही. उथळ विहिरीत पावसाचे, अलीकडच्या काळात मुरलेले पाणी असते. दोनशे-तीनशे फूट खाली सापडणारे पाणी खडकांच्या भेगांत वर्षानुवर्षे साठलेले असते. पाणी खडकाशी जितका काळ संगतीत राहील, तितके ते त्याच्यातील क्षार आपल्यात विरघळवून घेते. फ्लोराइट, ॲपेटाइट, अभ्रक अशी खनिजे असलेल्या खडकांतून पाण्यात फ्लोराइड उतरते. आपल्या विदर्भ-मराठवाड्यात यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांतील अनेक गावांत हा दोष आढळला आहे. 'आमचा आजा हेच पाणी पिऊन नव्वद वर्षे जगला' असे बैठकीत कोणी म्हणाले, की आम्ही शांतपणे विचारतो, आजा कोणते पाणी पीत होता? नदीच्या झऱ्याचे, की दूर ठेवलेल्या उथळ विहिरीचे? बोअरचे पाणी त्याने उतारवयात प्यायले. जन्मापासून ते प्यायली ती त्याची नातवंडे.

फ्लोराइडच्या पाण्याचा आणखी एक फसवा गुण असा की ते बहुधा मऊ असते. ज्या पाण्यात चुन्याचे, म्हणजे कॅल्शियमचे प्रमाण कमी, त्यातच फ्लोराइड अधिक टिकते. अशा पाण्यात डाळ लवकर शिजते, साबणाला फेस येतो आणि भांड्यांवर पांढरा थर बसत नाही. म्हणून गावातील दोन हातपंपांपैकी जो दोषी, त्यालाच बायाबापड्या चांगल्या पाण्याचा पंप म्हणतात आणि लांबून चालत येऊन तेथे रांग लावतात. चव, रंग, वास ही जुनी पारख येथे उपयोगी पडत नाही.

दातांवरील लेख

इतिहासाच्या विद्यार्थ्याला शिलालेख वाचायला शिकवतात. आमच्यासारख्या निवासी शाळेतील शिक्षकाला प्रत्येक जूनमध्ये वेगळेच लेख वाचायला मिळतात. नवी मुले दाखल होतात, हसतात आणि काहींच्या पुढच्या दातांवर खडूसारखे पांढरे ठिपके, आडव्या रेघा, कधी तपकिरी पट्टे दिसतात. इतर मुले त्यांना 'पिवळ्या दाताचा' म्हणून चिडवतात. मूल मग हसताना तोंडावर हात ठेवायला शिकते. पालक सांगतात, 'गुरुजी, दात घासतच नाही हा.' शिक्षकांनाही ते खरे वाटते आणि स्वच्छतेचा तास त्या मुलाच्याच नावाने सुरू होतो.

वस्तुस्थिती अशी आहे की हे डाग मंजनाने जाणारे नव्हेत, कारण ते दातांवर बसलेले नसून दातांत घडलेले आहेत. कायमच्या दातांचे कवच हिरडीच्या आत साधारण आठव्या वर्षापर्यंत तयार होत असते. त्या काळात पोटात जाणाऱ्या पाण्यात फ्लोराइड अधिक असेल, तर कवच सच्छिद्र होते आणि पुढे त्यात तपकिरी रंग भरतो. दोन्ही बाजूंच्या जोडीच्या दातांवर सारख्या आडव्या रेघा, ही त्याची ओळख. दाताच्या कडेला एकच काळा डाग असेल तर ती कीड असते. आठव्या वर्षानंतर पाणी बदलले तरी हा लेख पुसला जात नाही, आणि त्या वयानंतर दोषी पाणी प्यायले तरी नवा लिहिला जात नाही. म्हणजे दहा वर्षांचे मूल आपल्या शाळेत येते, ते आपल्या गावच्या पाण्याची साक्ष दातांवर घेऊन येते. एकाच वस्तीतून आलेल्या तीन मुलांच्या दातांवर सारख्या रेघा दिसल्या, तर दोष मुलांच्या ब्रशचा नसून वस्तीच्या पंपाचा आहे, हे ताडायला प्रयोगशाळाही लागत नाही. सिद्ध करायला मात्र लागते.

दातांपाशी हे प्रकरण थांबत नाही. अधिक प्रमाणातील फ्लोराइड वर्षानुवर्षे पोटात जात राहिले तर ते हाडांत साचते. मान वळत नाही, पाठ वाकत नाही, उकिडवे बसणे अवघड होते, आणि बिकट अवस्थेत माणूस कमरेत वाकून जखडून जातो. भारतात या रोगाची वैद्यकीय नोंद प्रथम १९३७ मध्ये, तत्कालीन मद्रास इलाख्यातील नेल्लोर जिल्ह्यातून झाली. चवदार तळ्याचा निकाल लागला तेच हे वर्ष. ज्या वर्षी पाण्यावरचा हक्क न्यायालयात शाबीत झाला, त्याच वर्षी पाण्यातले विष पुस्तकात नोंदले गेले. शेतमजुराच्या सांधेदुखीला आपल्याकडे 'वय झालं', 'वात आहे' म्हणून सोडून देण्याची रीत आहे. चाळीशीतल्या माणसाचे वय झालेले नसते.

अहवाल कसा वाचावा

पाणी तपासणीचा अहवाल हाती येतो तेव्हा तो बहुधा इंग्रजीत असतो आणि आकडे पाहून माणूस बिचकतो. बिचकण्याचे कारण नाही. आकडे 'मिलीग्रॅम प्रति लिटर' या मापात असतात. हजार लिटरच्या टाकीत एक ग्रॅम पदार्थ मिसळला तर ते एक मिलीग्रॅम प्रति लिटर झाले, इतके ध्यानात ठेवावे. सोनाराच्या दुकानातील एक ग्रॅम आणि गच्चीवरची काळी टाकी डोळ्यांसमोर आणली की मुलांना हे चटकन समजते.

पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक ब्युरोचे मानक आय. एस. १०५०० लागू आहे. त्यात पुष्कळशा घटकांपुढे दोन आकडे दिसतात. पहिला स्वीकारार्ह मर्यादेचा, दुसरा पर्यायी स्रोत उपलब्ध नसल्यास चालवून घेण्याच्या मर्यादेचा. फ्लोराइडसाठी ते १.० आणि १.५ आहेत, एकूण विरघळलेल्या क्षारांसाठी ५०० आणि २०००, कठीणपणासाठी २०० आणि ६००. नायट्रेटसाठी ४५ हा एकच आकडा आहे, त्यात सवलत नाही. विष्ठेतून येणारे कोलीफॉर्म जंतू १०० मिलिलिटर पाण्यात एकही आढळता कामा नये.

या दुसऱ्या रकान्याकडे समाजाने जरा रोखून पाहावे, अशी आमची विनंती आहे. 'पर्यायी स्रोत उपलब्ध नसल्यास' या चार शब्दांत बराच इतिहास दडला आहे. पर्याय कोणाला असतो? ज्याच्या शेतात विहीर आहे, ज्याच्या दारात टँकर येतो, जो जार विकत घेतो, त्याला. गावाच्या उताराच्या टोकाला ज्यांची वस्ती आहे, त्यांच्यासाठी दुसरा रकाना हाच पहिला होऊन बसतो. शिवाय अशा मर्यादा ठरवताना प्रौढ माणूस दिवसाला साधारण दोन लिटर पाणी पितो असे धरलेले असते. मे महिन्यात यवतमाळच्या उन्हात बांधबंदिस्तीवर राबणारी बाई दोन लिटर पाणी दुपारच्या आतच पिते. अहवालावर १.४ असा आकडा येतो, शेरा 'पिण्यास योग्य' असा असतो आणि फाइल बंद होते. तिच्या शरीरात जाणारा हिशेब त्या शेऱ्यात नसतो.

नायट्रेटविषयी दोन शब्द. ते शेतातील युरियातून, उकिरड्यातून, गुरांच्या गोठ्यातून आणि पाणवठ्याला खेटून खणलेल्या शोषखड्ड्यांतून जमिनीत उतरते. पावडरच्या दुधावर वाढणाऱ्या तान्ह्या बाळाला ते अधिक घातक असते, कारण रक्ताची प्राणवायू वाहण्याची शक्ती त्याने घटते आणि बाळ निळसर पडते. 'पाणी उकळून द्या' हा नेहमीचा सल्ला येथे उलटा पडतो. उकळल्याने जंतू मरतात, हे खरे. पण नायट्रेट आणि फ्लोराइड उकळून जात नाहीत. पाण्याची वाफ उडते आणि उरलेल्या पाण्यात त्यांचे प्रमाण थोडे वाढतेच. गाळण्याचेही तसेच आहे. भिक्खूंच्या अष्टपरिष्कारांत परिस्सावन, म्हणजे पाणी गाळण्याचे वस्त्र, असते, आणि आपण ते अभिमानाने सांगतो. त्यामागचा हेतू पाण्यातील सूक्ष्म जीवांची हिंसा टाळण्याचा होता. पाणी पाहून, गाळून मगच घ्यावे ही सवय त्यातून संघात रुजली, हे मोलाचे आहे. कापडातून विरघळलेले क्षार मात्र सरळ निघून जातात, हेही आपल्या मुलांना त्याच तासाला सांगावे.

नमुना कोठून घेतला?

इतिहासाच्या अभ्यासात कागद हाती आला की पहिला प्रश्न असतो, हा कागद कोणी, कोठे, कधी लिहिला? पाण्याच्या अहवालालाही हाच प्रश्न विचारावा. आमच्या पाहण्यातील एका गावात अहवाल दरवर्षी निर्दोष येत असे आणि आपल्या वाड्यातील मुलांचे दात मात्र दरवर्षी तेच सांगत असत. चौकशी केल्यावर कळले की नमुना ग्रामपंचायतीसमोरच्या विहिरीचा घेतला जाई. ती सोयीची होती, रस्त्यावर होती. आपल्या वस्तीतील पंपाची बाटली कधी भरलीच गेली नव्हती. यात कोणी मुद्दाम खोटे केले, असे आम्ही म्हणत नाही. अहवाल खराच होता, फक्त तो दुसऱ्यांच्या पाण्याचा होता. पुढे वस्तीतील तरुणांनी आग्रह धरून पंपाचा नमुना पाठवला. फ्लोराइड मर्यादेबाहेर निघाले आणि पंपाला लाल रंग फासण्यात आला. लाल रंग म्हणजे हे पाणी पिऊ नये, अशी खूण. मग प्यावे कोणते, याचे उत्तर त्या रंगाच्या डब्यात नव्हते. दोन पावसाळ्यांत रंग उडाला आणि पंप पुन्हा पूर्वीसारखा चालू लागला. पर्यायी नळ येईपर्यंत तिसरा उन्हाळा उजाडला, तोही वस्तीतील महिला ग्रामसभेत प्रत्येक वेळी तोच अहवाल हातात धरून उभ्या राहिल्या म्हणून.

तेव्हा नमुना आपणच घेण्यास शिकले पाहिजे. रासायनिक तपासणीसाठी स्वच्छ प्लास्टिकचा एक-दोन लिटरचा कॅन पुरतो. हातपंप आधी काही मिनिटे चालवावा, म्हणजे पाइपात साचलेले पाणी निघून जाते. ज्या पाण्याचा नमुना घ्यायचा त्याच पाण्याने कॅन तीनदा विसळावा, काठोकाठ भरावा आणि बूच घट्ट लावावे. जंतूंच्या तपासणीचे नियम याहून कडक आहेत. बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक केलेली आणावी लागते. ती विसळायची नसते, तिच्या तोंडाला बोट लावायचे नसते, वर थोडी जागा मोकळी ठेवायची असते, आणि बर्फाच्या डब्यात घालून २४ तासांच्या आत पोहोचवायची असते. घरची बाटली धुऊन नेली आणि जंतू निघाले, तर ते पाण्याचे की बाटलीचे हे कोणालाही सांगता येणार नाही. रासायनिक तपासणी वर्षातून एकदा आणि जंतूंची दोनदा, पावसाळ्याआधी व नंतर, व्हावी असा दंडक आहे. जिल्हा आणि उपविभाग पातळीवर शासनाच्या प्रयोगशाळा आहेत, माफक शुल्कात तेथे नागरिकांचे नमुनेही घेतले जातात.

ग्रामपंचायतीकडे जलसुरक्षक नेमलेला असतो. पाणवठ्यांच्या सर्वेक्षणावरून ग्रामपंचायतीला लाल, पिवळे किंवा हिरवे कार्ड मिळते. आपल्या गावाचे कार्ड कोणत्या रंगाचे, हे विचारण्याचा प्रत्येकास अधिकार आहे. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये प्रत्येक गावातील पाच महिलांना क्षेत्रीय तपासणी संचाचे प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. त्या पाच जणींत आपल्या वस्तीची एकतरी भगिनी असावी. आपल्या माजी विद्यार्थिनींपैकी अनेक जणी विज्ञान शाखेच्या पदवीधर होऊन गावात संसार करीत आहेत. रंगपट्टीशी रंग ताडून पाहणे त्यांना मुळीच कठीण नाही. या संचाचा आकडा ढोबळ असतो. संशय आला की नमुना प्रयोगशाळेत पाठवावा.

जंतूंसाठी एक सोपी चाचणी आहे, जी आम्ही आठवी-नववीच्या मुलांकडून करवून घेतो. एच-टू-एस नावाची छोटी बाटली मिळते. तिच्यात खुणेपर्यंत पाणी भरून साधारण खोलीच्या तापमानाला ठेवायची. एक-दोन दिवसांत पाणी काळे पडले तर त्यात विष्ठेचा संसर्ग असल्याचा दाट संशय. ही पद्धत १९८२ मध्ये आपल्याच देशातील शास्त्रज्ञांनी प्रसिद्ध केली आणि आज ती अनेक देशांत वापरली जाते. काल चकचकीत दिसणारे पाणी सकाळी शाईसारखे काळे झालेले मुलांनी पाहिले, की शौचालयानंतर हात धुण्यावर वेगळे व्याख्यान द्यावे लागत नाही.

जंतूंवर उपाय स्वस्त आहे. तो म्हणजे ब्लीचिंग पावडर. मात्र अंदाजपंचे मूठभर टाकण्याची रीत सोडावी. विहिरीचा व्यास आणि पाण्याची खोली मीटरमध्ये मोजावी. व्यासाचा वर्ग, गुणिले खोली, गुणिले ३.१४, भागिले ४, म्हणजे घनमीटर. त्याला हजाराने गुणले की लिटर. समजा व्यास ४ मीटर आणि पाणी ३ मीटर आहे, तर ३७,६८० लिटर पाणी झाले. हजार लिटरला अडीच ग्रॅम चांगली पावडर धरली तर सुमारे ९४ ग्रॅम लागेल. पावडर बादलीत कालवून, चुना खाली बसू द्यावा आणि वरचे पाणी विहिरीत सोडावे. तासभर कोणी पाणी भरू नये. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. पण पोते उघडे, ओलीत पडलेले असेल तर ती नुसती पांढरी माती उरते. म्हणून ओ. टी. द्रावणाचे थेंब टाकून पाणी पिवळे होते का पाहावे. नळाच्या शेवटच्या घरी किमान ०.२ मिलीग्रॅम क्लोरीन उरले पाहिजे, आणि शेवटचे घर बहुधा आपल्या वस्तीतच असते. पहिल्या घरी तपासणी करून वहीत खूण करणाऱ्याला हे आठवण करून द्यावे.

फ्लोराइडवर इतका सोपा उपाय नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. तुरटी आणि चुना वापरून फ्लोराइड खाली बसवण्याची 'नलगोंडा' पद्धत नागपूरच्या 'नीरी' या संस्थेने विकसित केली. तिला नाव मिळाले ते आजच्या तेलंगणातील फ्लोराइडग्रस्त नलगोंडा जिल्ह्याचे. पण तुरटी-चुन्याचे प्रमाण दररोज सांभाळावे लागते आणि तळाचा गाळ टाकायचा कोठे हा प्रश्न उरतो. आर. ओ. यंत्राने फ्लोराइड जाते, मात्र बरेच पाणी वायाही जाते आणि जाळी वेळेवर बदलली नाही तर यंत्र नुसते शोभेचे. थंड पाण्याच्या जारविषयी तर आमचे मत फारच वाईट आहे. धम्मचक्र प्रवर्तन दिनाला, लग्नाला, जयंतीला आपण रांगेने जार मांडतो. त्यांतील पुष्कळ जारांवर आय. एस. आय. चे चिन्ह नसते, सील नसते. थंड आहे म्हणून ते शुद्ध समजायचे, हीसुद्धा एक अंधश्रद्धाच नव्हे काय?

खरा उपाय स्रोत बदलण्याचा आहे. फ्लोराइड नसलेली उथळ विहीर नीट बांधून क्लोरीन घालून वापरावी, किंवा नदी-धरणाच्या पाण्याची नळयोजना वस्तीपर्यंत ओढून आणावी. छतावरील पावसाचे पाणी टाकीत साठवले तर निदान स्वयंपाक आणि पिणे यांपुरते काही महिने भागते. धुण्याभांड्यांना बोअरचे पाणी वापरण्यास हरकत नाही. ते त्वचेतून शरीरात शिरून हाडांत साचत नाही. मुलांच्या आहारात दूध, शेवग्याचा पाला, नाचणी, चिंच-आवळा असावेत. कॅल्शियम आणि जीवनसत्त्व क पुरेसे असेल तर शरीर थोडा तरी प्रतिकार करते. कोरा चहा लहान मुलांना देऊ नये, कारण चहाच्या पानांतच फ्लोराइड असते आणि दोषी पाण्यात उकळलेला चहा म्हणजे दुहेरी भर.

दिवाळीच्या सुट्टीत यंदा मुले घरी येतील तेव्हा आठवी ते दहावीच्या प्रत्येक विद्यार्थ्याच्या सामानात एक लिटरचा एक रिकामा कॅन आणि एक चिठ्ठी असेल. पालकांनी तो आपल्या घरी ज्या पंपाचे वा नळाचे पाणी पितात, त्याच पाण्याने भरवून घ्यावा. पाहुण्यांकडच्या विहिरीचे किंवा विकतच्या जारचे पाणी भरू नये. चिठ्ठीवर गाव, वस्तीचे नाव, पाणवठ्याचा प्रकार, बोअरची खोली ठाऊक असल्यास ती, आणि भरल्याची तारीख व वेळ लिहावी. 'वस्तीचे नाव' ही ओळ कोरी सोडू नये. सुट्टी संपून मुले परततील त्याच दिवशी सर्व कॅन एकत्र करून शासकीय प्रयोगशाळेत पाठवण्यात येतील. अहवाल आल्यावर त्याची मराठी प्रत प्रत्येक पालकाच्या हाती दिली जाईल आणि दुसरी प्रत त्या त्या ग्रामपंचायतीच्या आवक नोंदवहीत क्रमांक टाकून घेतली जाईल.